वीतभर अंतर

बावीस वर्षं बँकेत आकड्यांत नाक खुपसून मी एकच ठेव जमवली: चष्मा. तरीही पोलादपूरच्या मामांना बंदुकीची दुर्बीण निवडून द्यायला मीच सापडलो. ‘तू बी.कॉम. आहेस, घासाघीस नीट करशील,’ हे त्यांचं कारण.

मामांचं शेत आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. भातात रानडुकरं उतरतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी रायफल घरात आहे. ती नुसता आवाज करण्यापुरती. कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकराला मारायचं तर आधी परवानगी लागते, आणि डुक्कर काही तोवर थांबत नाही. एकदा मित्राची दुर्बीण बसवून मामांनी मडक्यावर नेम धरला. मडकं शाबूत राहिलं. मामांच्या भुवईवर चंद्रकोर उमटली. मामी म्हणाली, “आता टिकली तेवढी राहिली!”

त्याचं असं आहे, बंदुकीच्या साध्या दुर्बिणीतून पूर्ण चित्र दिसायला डोळा भिंगापासून तीन-चार इंचांवर, म्हणजे चार बोटांवर ठेवावा लागतो. बार उडाला की बंदूक मागे येते आणि चुकलेला हिशेब भुवईच्या खात्यात जमा होतो. उपाय एकच, लांबून बघायची दुर्बीण. ती पुढे, नळीकडे बसवतात. डोळ्यापासून चांगली वीतभर. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, जर्मनांनी आपल्या माउझर रायफलींवर अशी दुर्बीण लावली. दाखवायची फक्त दीडपट, पण डोळ्यापासून फूटभर लांब, त्यामुळे वरून काडतुसांची पट्टी भरायला जागा मोकळी. पुढे १९८० च्या दशकात जेफ कूपर या माजी अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने हीच मांडणी उचलून धरली: हलकी रायफल, दोन-तीनपट दुर्बीण आणि दोन्ही डोळे उघडे. एक डोळा नेमावर, दुसरा जगावर.

अर्थात फुकट काही मिळत नाही. अंतर वाढलं की दिसणारा तुकडा लहान होतो, मोठं करून दाखवण्याची ताकद कमी ठेवावी लागते, आणि पाठीमागून ऊन आलं की मागचं भिंग चकाकतं. हा जमाखर्च कागदावर मांडून मी मामांकडे गेलो. ते म्हणाले, “चल, प्रतापगडावर बसून ठरवू.”

एस.टी.ने घाट चढलो. गडावरून खालचं रान दाखवत मामा म्हणाले, “अफझलखानाकडे दुर्बीण असती तर रे?”

दुर्बीण युरोपात १६०८ सालीच निघाली होती, हे मी सांगितलं. पण १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांची माणसं झाडीत दबा धरून बसली होती. भिंग पान मोठं करून दाखवतं. पानामागचा मावळा नाही दाखवत.

मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “खरं सांगू? मला बंदुकीची माशीच दिसत नाही आता. दुर्बिणीतून तरी दिसेल म्हटलं.”

म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटच दिसेनासा झाला होता. चंद्रकोरीचं कोडं तेव्हा सुटलं. दुर्बिणीतही नीट दिसेना, म्हणून मामा डोळा पुढे पुढे नेत गेले होते. कबूल मात्र कुणाजवळ केलं नव्हतं, मामीजवळही नाही.

कागद खिशात घातला आणि मामांना महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेत बसवलेलं भिंग थेट डोळ्यातच असतं. अंतराची भानगड नाही, धक्का नाही, परवाना नाही.

बंदूक आता कपाटात आहे. मामांना बांधावरूनच डुक्कर ओळखू येतं, आणि ते जोरात ओरडतात. मामी म्हणते, “या आवाजापुढे बंदूक कशाला हवी होती!”