दुभंगलेला ओठ व टाळू

वरचा ओठ, हिरडी किंवा टाळू यांत जन्मतः राहिलेली फट. गर्भात ओठ चौथ्या ते सातव्या आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यांत जुळून येते; ही जुळणी अपुरी राहिल्यास व्यंग उद्भवते. प्रमाण साधारणतः ७०० जन्मांमागे एक. आनुवंशिकता, गरोदरपणातील धूम्रपान आणि अपस्मारावरील काही औषधे यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. गरोदर बाईने ग्रहणात विळी हाताळल्यामुळे बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत निराधार आहे.

पोषण : टाळूला फट असलेल्या बाळाला अंगावर नीट ओढता येत नाही आणि दूध नाकातून बाहेर येते. म्हणून आईचे दूध काढून, बाळाला जवळजवळ उभे धरून, ते बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजतात व मधूनमधून ढेकर काढतात. वजन वाढले तरच भूल देणे सुरक्षित ठरते.

शस्त्रक्रिया : ओठासाठी ‘दहाचा नियम’ रूढ आहे : वय १० आठवडे, वजन १० पौंड (सुमारे साडेचार किलो), हिमोग्लोबिन १० ग्रॅम. टाळू साधारणतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात. हिरडीतील फट भरण्यासाठी ८ ते ११ वर्षांच्या सुमारास कमरेच्या हाडाचा अंश बसवतात.

मुंबईतील सोयी : अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील कुटुंबांना परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (स्था. १९२९) लोकलने गाठता येते. वाचा व श्रवण यांच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. हे व्यंग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत आहे. त्या कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. ‘स्माइल ट्रेन’ (स्था. १९९९) ही संस्था भारतातील सहभागी रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रियांसाठी अर्थसाहाय्य देते. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स पिंटो यांचे शिष्य डॉ. हिरजी अडेनवाला यांनी केरळमधील त्रिशूरला या व्यंगावरील उपचारकेंद्र उभारले. त्याला गुरूंचेच नाव आहे.

पाठपुरावा : टाळू शिवल्यावरही काही मुलांचे बोलणे गेंगाणे राहते, ‘प’, ‘ब’, ‘क’ हे उच्चार नाकातून निसटतात आणि कानात पाणी साचून ऐकू कमी येते. त्यामुळे वाचोपचार, कानांची तपासणी व दातांची जुळणी वर्षानुवर्षे चालते. ओठाचे टाके निघताच येणे थांबवणारी कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे १८ व्या वर्षापर्यंत, तपासणी आवश्यक असते.