पांढरे केस आणि डोक्याची खाज : दुखणे कुठले, उपाय कुठला?

केस पांढरे होणे हा वार्धक्याचा पहिला सांगावा मानला जातो. "आमचे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत," असे अभिमानाने सांगणारी वडीलधारी मंडळीही लग्नसराई जवळ आली की कलपाची पुडी आणतात. विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे आणि संत तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गावर असणारे इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी असो किंवा पुणे-मुंबईसारखे शहर, कलपाची पुडी आता किराणा दुकानातही सहज मिळते. त्यानंतर काही दिवसांनी डोके खाजू लागते. ऊन, घाम, कोंडा किंवा बोअरचे जड पाणी यांना दोष दिला जातो. दोन-तीन दिवसांपूर्वी लावलेल्या कलपाची आठवण मात्र कोणालाच होत नाही. पांढरे केस आणि खाज या दोन तक्रारी अनेकदा एकत्र येत असल्या तरी त्यांची कारणे वेगवेगळी असतात. ती नीट ओळखली नाहीत, तर उपायच अपाय ठरतो.

केस पांढरे का होतात?

केसाच्या मुळाशी असणाऱ्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंजकद्रव्य तयार करतात. वाढत्या केसात ते मिसळत राहते, म्हणून केस काळा दिसतो. वयोमानानुसार या पेशींचा साठा घटतो आणि नव्याने उगवणारा केस रंगाविना येतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणून एका रात्रीत सगळे केस पांढरे होत नाहीत आणि एक पांढरा केस उपटल्याने त्याच्या जागी दहा उगवतात, हीही केवळ समजूत आहे.

आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर त्यास अकाली पिकणे म्हणतात. आयुर्वेदात यालाच पालित्य ही संज्ञा आहे. यात आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध आढळला. त्याखेरीज ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे विकार आणि धूम्रपान यांचाही संबंध दिसून येतो. ब-१२ हे मुख्यत्वे दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते; त्यामुळे दूधही अल्प घेणाऱ्या शाकाहारी तरुणांनी केस लवकर पिकत असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. ही कमतरता वेळीच भरून काढली, तर काही जणांचे केस पुन्हा काळे उगवतात. आनुवंशिक पिकणे मात्र कोणत्याही तेलाने परतत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

खाज कशामुळे?

पांढऱ्या केसामुळे डोके खाजत नाही. उतारवयात त्वचेतील तेलकटपणा कमी होऊन ती कोरडी पडते आणि त्यामुळे थोडी खाज येऊ शकते, एवढाच त्यांचा संबंध. एरवी खाजेची कारणे तिच्या लक्षणांवरून ओळखता येतात.

कोंडा हे सर्वांत सामान्य कारण. डोक्याच्या त्वचेवर वास्तव्य करणारी मॅलासेझिया नावाची बुरशी तेथील तेलावर पोसली जाते. पांढरे पापुद्रे निघतात, भुवया व नाकाच्या बाजूही खवल्याळ होतात आणि थंडीत त्रास वाढतो. अशा वेळी रात्रभर तेल चोपडून ठेवणे म्हणजे त्या बुरशीला खाद्य पुरविणेच होय. डॉक्टरांच्या सल्ल्याने किटोकोनॅझोलयुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुतल्यास बहुतेकांना गुण येतो.

कानामागे व मानेवर खाज असेल आणि घरातील शाळकरी मुलेही डोके खाजवीत असतील, तर उवा-लिखा पाहाव्यात. केसांच्या कडेबाहेर येणारे जाड, चंदेरी खवले सोरायसिसकडे बोट दाखवितात. मुलांच्या डोक्यात गोल चट्टे पडून केस तुटू लागले, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्यावर पोटात घेण्याचे औषध लागते, नुसते मलम पुरत नाही.

कलपाची बाजू

कायमस्वरूपी काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत पॅराफिनिलिनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, हे रसायन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याच्या सान्निध्यात ते केसात शिरून गडद रंग धरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते वापरात आहे. काहींच्या शरीराला ते वावडे ठरते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य' म्हणून निवडले होते.

हे वावडे लगेच दिसत नाही, ही त्यातील मेख आहे. कलप लावल्यावर साधारणतः एक ते तीन दिवसांनी कपाळाची कड, कानाच्या पाळ्या, मान येथे खाज सुटते, पुरळ येते, पाणी सुटते; पापण्या सुजतात. "दहा वर्षे लावतोय, कधी काही झाले नाही," हा युक्तिवाद येथे कामाचा नाही. वारंवार संपर्क आल्यानंतरच शरीर त्या द्रव्याविरुद्ध सज्ज होते आणि एकदा निर्माण झालेले वावडे बहुधा आयुष्यभर राहते. रोज कलप हाताळणाऱ्या केशकर्तनकारांच्या हातांना इसब होण्याचे हेही एक कारण आहे. त्यांनी हातमोजे अवश्य वापरावेत.

'काळी मेहंदी' या नावानेही फसगत होते. शुद्ध मेहंदी केसाला तांबूस-नारिंगी रंग देते, काळा नव्हे. मेहंदीने केस काही मिनिटांत काळेभोर होत असतील, तर तीत पीपीडी मिसळले असण्याची शक्यता मोठी. वेष्टनावर 'हर्बल' लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, घटकद्रव्ये वाचावीत.

लावण्यापूर्वी चाचणी

पीपीडीयुक्त कलपाच्या वेष्टनावर त्वचेला दाह होण्याची शक्यता, पूर्वचाचणीची गरज आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे आपल्या देशातील नियमांनुसार बंधनकारक आहे. पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशाराही त्यात असतो. दुर्दैवाने तो बारीक अक्षरांतील मजकूर वाचण्याआधीच पुडी फाडली जाते.

चाचणी सोपी आहे. थोडा कलप सूचनेप्रमाणे कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावावा. वेष्टनावर चोवीस तासांचा अवधी सांगितलेला असतो. परंतु वावडे उशिरा उमटत असल्याने अठ्ठेचाळीस तास वाट पाहणे शहाणपणाचे. खाज, लाली वा फोड आल्यास तो कलप वापरू नये. प्रत्येक वेळी नव्याने चाचणी करावी. डोक्यावर जखम वा पुरळ असताना कलप लावूच नये.

त्रास झालाच, तर डोके भरपूर पाण्याने व सौम्य शाम्पूने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आपल्या मनाने आणू नये. चेहरा सुजला, डोळे मिटले किंवा श्वासाला त्रास झाला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. वारंवार त्रास होणाऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या लावून केली जाणारी पॅच टेस्ट करून घेता येते. इंदापूर-बारामती परिसरातील रुग्णांसाठी बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

शेगावचा धडा

डोक्याची प्रत्येक खाज किरकोळ नसते, हे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याने दाखवून दिले. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे डोके खाजू लागले आणि काही दिवसांतच केस गळून टक्कल पडले. आरंभी पाण्यावर व शाम्पूवर संशय घेण्यात आला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अभ्यासाअंती रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. खाजेबरोबर केस झपाट्याने गळत असतील किंवा एकाच वस्तीत अनेकांना त्रास होत असेल, तर आरोग्य केंद्राला त्वरित कळवावे, हा त्यातून घ्यायचा बोध.

ज्यांना कलप सोसत नाही, त्यांना शुद्ध मेहंदी किंवा लोखंडी कढईत भिजविलेली आवळापूड हे जुने पर्याय आहेत. मात्र त्यांचीही आधी चाचणी करावी. आणि काहीच लावावेसे न वाटल्यास पांढरे केस तसेच राहू द्यावेत. पांढरा केस हा आजार नव्हे; तो लपविण्याच्या घाईत आजार ओढवून घेऊ नये, एवढे भान ठेवले तरी पुरे.