वाडा उतरवताना

पुण्याच्या पेठांत वाडा ‘पाडणे’ वेगळे आणि ‘उतरवणे’ वेगळे. उतरवायचा तो लाकडासाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कितीतरी मातीचे वाडे कोसळले. पुढच्या काही दशकांत फ्लॅट आले, आणि पुरातून वाचलेले वाडेही एकेक करून उतरू लागले. खांब, तुळया, कड्या, दिंडी दरवाजे वखारीत जाऊन विकले जात.

हे काम बांधण्यापेक्षा जोखमीचे. वाड्याचा भार सागवानी सांगाडा पेलतो. भिंत बहुतेक भरावच. खांब दगडी तळखड्यावर टेकलेला असतो आणि वरच्या ओझ्यानेच जागेवर राहतो. ओझे उतरले की तोच खांब डुलू लागतो. म्हणून आधी कौले, मग रिपा आणि वासे, मग माडीवरचा मातीचा थर. घमेल्या-घमेल्याने, दोन्ही अंगांनी सारखा. एकीकडची माती आधी काढली तर सांगाडा दुसरीकडे कलतो.

सगळ्यात फसवे असते तुळईचे भिंतीत पुरलेले टोक. बाहेरून लखलखीत, आत ओलीने कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले. जाणता सुतार तिच्यावर पाय ठेवण्याआधी हातोडा मारून ऐकतो. ‘ठण्ण’ आले तर ठीक; ‘भद्द’ आले की खाली टेकू लागल्याशिवाय कुणी वर चढत नाही. शेजारच्या वाड्याशी भिंत सामाईक असेल, तर टेकू पलीकडेही हवेत. पावसाळ्यात भिजलेल्या मातीच्या भिंतीला हात न लावणेच बरे.

लाकूड अखंड राहिले तरच भाव येई. त्यामुळे सावकाशीत ठेकेदाराचा फायदा होता, आणि त्याच सावकाशीत मजुराचा जीव सुरक्षित होता. उतरवलेले लाकूड कधी पुन्हा उभेही राहते. संग्राहक दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. असे काही पुन्हा जोडायचे, तर प्रत्येक तुकड्याची जागा उतरवतानाच टिपावी लागते: खांबावर आणि त्याच्या तळखड्यावर एकच खूण.

इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेची भारतीय संहिता, आयएस ४१३०, उतरवण्याचा तोच क्रम सांगते: वरून खाली, मजल्यामागून मजला, आणि राडारोड्याचे ओझे मजल्यावर साचू द्यायचे नाही. २०१६ च्या राडारोडा व्यवस्थापन नियमांनी लाकूड, विटा, माती, लोखंड वेगवेगळे काढायला सांगितले. पण जेसीबीला घाई असते. त्याच्या एका धक्क्यात तुळई उभी चिरते, तिची किंमत जाते, आणि तिच्यासाठी हळू काम करण्याचे कारणही जाते. हे नुकसान फक्त लाकडाचे नाही. वर चढलेल्या माणसाला जपणारी शिस्त त्या लाकडाच्या भावावर उभी होती.

एखाद्या नव्या घराच्या ओसरीवर अजून अशी जुनी तुळई दिसते. तिच्या कडेला सारख्या अंतरावर कड्यांच्या खाचा असतात, रिकाम्या, आणि एका टोकाला कुजका भाग कापून काढल्याची करवतीची ताजी रेघ.