शीव आणि मंत्रचळ

मराठवाड्यातल्या खेड्यांनी पटकीच्या भीतीची लावलेली सोय १८९७ च्या साथरोग कायद्याहून कितीतरी जुनी होती. शिवाय हिंगोली, वसमत, कळमनुरीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात; त्या कायद्याखाली पुण्यात झालेल्या प्लेगच्या घरझडत्या इंग्रजी अमलातल्या. रोगाला इथे नाव होतं, मरीआई, आणि गावकुसाबाहेर ठाणंही होतं. साथ आली की खण-नारळ, दहीभात, लिंबाचा पाला घेऊन देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा. शीव ओलांडली की गावापुरती साथ गेली. या रीतीत रोगापेक्षा भीतीचा विचार अधिक होता असं मला वाटतं. काय करायचं, कुठवर करायचं आणि कधी थांबायचं, हे एकट्या माणसाने ठरवायचं नसे, गाव ठरवी.

याचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. गाडा शेजारच्या गावाच्या माथी मारला जाई, आणि मरीआईची सेवा ज्यांच्यावर लादली त्या पोतराजांच्या पाठीवर आसूड पडत. रोग तर पाण्यातून येत होता. १८८४ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू दाखवला. त्या ज्ञानाने जीव वाचवले, यात वादच नाही. पण जंतूला शीव नसते. दाराची कडी, नोट, दुधाची पिशवी, कुठेही तो असू शकतो, आणि तो गेला हे सांगणारं कोणी नाही. एप्रिल २०२० मध्ये मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेले हिंगोलीच्या राज्य राखीव दलाचे जवान कोरोनाबाधित निघाले, तेव्हा जिल्ह्यात पसरलेली धास्ती साधार होती. हात धुवा, हा सल्लाही बरोबरच. पण वीस सेकंदांचं माप चिंतातुर मनाला पटत नाही. हात धुतले हे त्याला आठवतं; जंतू निघाला का, हे कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, शंकेखोर माणसं काय गाड्याच्या काळी नव्हती? होती. मराठीत त्यांच्यासाठी शब्दच आहे: मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली म्हणून डोकं फिरणं, हा त्याचा जुना अर्थ. सोवळ्याचं पाणी पुन्हापुन्हा अंगावर घेणारा माणूसही त्यातच आला. म्हणजे साथ हा विकार निर्माण करत नाही, त्याला त्या काळचा ऐवज पुरवते: काल विटाळ, आज विषाणू. फरक सभोवतालच्या माणसांत आहे. गावाचा विधी एका ठिकाणी संपे, मंत्रचळ्याचा संपत नसे, म्हणून तो चारचौघांत उठून दिसे. साथीच्या वर्षी सगळेच पिशव्या धुवू लागल्यावर त्याला वेगळं ओळखणार कसं? आणि ओळखलं तरी नुसतं समजावून भागत नाही. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायरने १९६६ मध्ये असल्या रुग्णांवर जो उपचार मांडला त्यात पटवून देणं फारसं नाहीच. ज्याची किळस वाटते त्याला हात लावायचा, मग नळ बंद ठेवायचा, आणि भीती आपोआप ओसरेपर्यंत तसंच बसून राहायचं.