सोडतीतील जागा आणि पालकांचे गाऱ्हाणे : शार्लट शहरातील मॅग्नेट शाळांच्या प्रवेशाचा इतिहास

प्रस्तावना

सार्वजनिक शाळेतील जागा मागणीपेक्षा कमी असतील तर त्या कोणाला द्याव्यात, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. गुणवत्ता, घरापासूनचे अंतर, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आणि सोडत हे त्यावरील प्रचलित उपाय होत. त्यांपैकी सोडत ही वरकरणी सर्वांत निःपक्षपाती. तिच्यात ओळख, पैसा किंवा शिफारस चालत नाही. असे असूनही अमेरिकेच्या अनेक शहरांत विशेष अभ्यासक्रमाच्या सार्वजनिक शाळांसाठी काढल्या जाणाऱ्या सोडतीविषयी पालकांमध्ये तीव्र असंतोष निर्माण झाला. या असंतोषाचे स्वरूप समजून घेण्यासाठी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट शहराचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. तेथे १९६४ मध्ये एका दांपत्याने आपल्या मुलाच्या शाळेसाठी केलेल्या मागणीतून वर्णीय एकत्रीकरणाचा मोठा लढा उभा राहिला, आणि १९९७ मध्ये एका पित्याने आपल्या मुलीच्या शाळेसाठी दाखल केलेल्या दाव्यातून त्या एकत्रीकरणाची अखेर झाली. या दोन घटनांना जोडणारा दुवा म्हणजे मॅग्नेट शाळांची सोडत. पालकांचा रोष वरवर पाहता दैवावर असला तरी त्याचे मूळ जागांच्या टंचाईत होते आणि ही टंचाई धोरणातून निर्माण झालेली होती, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वान खटल्याची पार्श्वभूमी

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. परंतु दक्षिणेकडील राज्यांत निर्णयाची अंमलबजावणी अत्यंत मंद गतीने झाली. शार्लटमध्ये १९५७ साली हार्डिंग हायस्कूलमध्ये प्रवेश घेतलेल्या डॉरोथी काउंट्स या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला जमावाच्या छळामुळे काही दिवसांतच शाळा सोडावी लागली. त्यानंतरही वस्त्या वेगळ्या म्हणून शाळा वेगळ्या, अशीच स्थिती राहिली.

डॅरियस स्वान हे प्रेस्बिटेरियन पंथाचे कृष्णवर्णीय मिशनरी पत्नी व्हेरा यांच्यासह काही वर्षे भारतात राहून १९६४ मध्ये शार्लटला आले होते. भारतात त्यांच्या मुलाने सर्व वर्णांच्या मुलांसमवेत शिक्षण घेतले होते. शार्लटमध्ये मात्र त्याला जवळच्या मिश्र शाळेऐवजी केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेत पाठविण्यात आले. स्वान यांनी शिक्षणमंडळाकडे केलेली विनंती फेटाळण्यात आली. जानेवारी १९६५ मध्ये ज्युलियस चेंबर्स या तरुण वकिलांनी स्वान व इतर कुटुंबांच्या वतीने दावा दाखल केला. त्याच वर्षी चेंबर्स यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला.

खटल्यात पुढे आलेली आकडेवारी बोलकी होती. १९६८–६९ मध्ये शार्लट-मेक्लेनबर्ग मंडळाच्या १०७ शाळांत ८४,००० हून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २९ टक्के होते. मात्र शहरातील सुमारे १४,००० कृष्णवर्णीय विद्यार्थी अशा २१ शाळांत शिकत होते, जेथे श्वेतवर्णीय विद्यार्थी जवळपास नव्हतेच. न्यायाधीश जेम्स मॅकमिलन यांनी या स्थितीवर उपाय योजण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो उचलून धरला. वस्त्यांची सीमा ओलांडून विद्यार्थ्यांना बसने नेणे हा वैध उपाय ठरला.

या योजनेचा भार समसमान नव्हता, हे येथे नोंदविले पाहिजे. शहराच्या मध्यभागातील व बाहेरील शाळांच्या जोड्या लावण्यात आल्या. कृष्णवर्णीय मुलांना पहिली ते चौथी या इयत्तांसाठी बाहेर, तर श्वेतवर्णीय मुलांना पाचवी-सहावीसाठी आत आणावयाचे, अशी ही रचना होती. तरीही सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून शहराने ही व्यवस्था स्वीकारली आणि पुढे तिचा अभिमानही बाळगला. ऑक्टोबर १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी शार्लटमधील प्रचारसभेत बसयोजना अयशस्वी ठरल्याचे म्हटले, तेव्हा श्रोत्यांमध्ये शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने अग्रलेखातून त्यांचे मत खोडून काढले.

सक्तीकडून आकर्षणाकडे

मॅग्नेट शाळेची कल्पना साठच्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरातील मॅकार्व्हर प्राथमिक शाळा (१९६८) आणि बॉस्टनमधील ट्रॉटर शाळा (१९६९) ही तिची आरंभीची उदाहरणे मानली जातात. एखाद्या शाळेत विज्ञान, कला, परकीय भाषा किंवा माँटेसरी यांसारखा विशेष अभ्यासक्रम सुरू केला तर सर्व वस्त्यांतील पालक मुलांना स्वेच्छेने तेथे पाठवतील व वर्णीय मिश्रण सक्तीविना साधेल, अशी ही अपेक्षा होती. १९७६ पासून संघराज्य सरकारचे साहाय्य अशा शाळांना मिळू लागले आणि १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अनुदान योजना मंजूर झाली.

शार्लटमध्ये हे धोरण १९९२ मध्ये मोठ्या प्रमाणावर आले. बँकिंग व्यवसायाच्या वाढीबरोबर बाहेरून आलेल्या कुटुंबांना १९७१ च्या लढ्याची स्मृती नव्हती. उपनगरात घर घेतल्यावर जवळची शाळा मिळावी, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. १९९१ मध्ये शिक्षण अधीक्षक म्हणून आलेल्या जॉन मर्फी यांच्या काळात शाळांच्या जोड्या क्रमाक्रमाने मोडण्यात येऊन त्यांची जागा मॅग्नेट शाळांना देण्यात आली. प्रत्येक मॅग्नेट शाळेत सुमारे ६० टक्के श्वेतवर्णीय व ४० टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट ठरले.

या बदलाचा अर्थ त्या वेळी पुरेसा ध्यानात घेतला गेला नाही. बसयोजनेत गैरसोय होती, पण ती बव्हंशी सर्वांना वाटून दिलेली होती. मॅग्नेट योजनेत एक हवीशी वस्तू निर्माण करण्यात आली आणि ती मोजक्यांनाच मिळणार होती. नागरिक म्हणून पार पाडावयाच्या कर्तव्याचे रूपांतर अशा रीतीने अर्जदारांमधील स्पर्धेत झाले.

सोडतीची रचना आणि असंतोषाचे कारण

अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास सोडत काढली जाई. भावंडे व परिसरातील मुले यांना प्राधान्य दिल्यानंतर उरलेल्या जागांसाठी दोन स्वतंत्र सोडती होत : एक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची, दुसरी अन्य सर्वांची. एका गटासाठी राखून ठेवलेल्या जागा त्या गटातून भरल्या नाहीत, तरी दुसऱ्या गटातील प्रतीक्षायादीवरील मुलाला त्या सहसा दिल्या जात नसत. काही शाळांत जागा रिक्त राहिल्या आणि त्याच वेळी मुले दाराबाहेर राहिली.

पालकांच्या रोषाची धार येथे कळते. चिठ्ठी निघाली नाही, हे दुःख माणूस सहन करतो. वर्गात बाक रिकामा असताना आपल्या मुलाला तो नाकारला गेला, हे त्याला पटत नाही. मंडळाची बाजूही निराधार नव्हती. गुणोत्तर सोडून दिले असते तर ज्या हेतूने या शाळा काढल्या तोच नष्ट झाला असता. परंतु हा हेतू सोडतीच्या यंत्रणेत दिसत नव्हता. पालकांपर्यंत पोहोचत होता तो फक्त नकार.

कॅपाकिओनी खटला (१९९७–२००२)

सप्टेंबर १९९७ मध्ये कॅपाकिओनी नावाच्या पालकाने मुलीला मॅग्नेट शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल मंडळाविरुद्ध दावा दाखल केला. तिला वर्णाच्या आधारे वगळण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. आणखी काही श्वेतवर्णीय पालक दाव्यात सामील झाले आणि मागणी व्यापक झाली : मंडळाने विभाजनाचे अवशेष दूर केले आहेत असे घोषित करून न्यायालयीन देखरेख संपवावी. त्याला विरोध करण्यासाठी कृष्णवर्णीय पालकांनी स्वान खटला पुन्हा जिवंत केला. शिक्षणमंडळाची स्थिती विलक्षण झाली. विभाजनाचे अवशेष अद्याप शिल्लक आहेत, म्हणजेच आपले काम अपुरे आहे, असे मंडळ स्वतःच न्यायालयात सांगत होते.

खटला न्यायाधीश रॉबर्ट पॉटर यांच्यापुढे चालला. न्यायपदावर येण्यापूर्वी ते स्वतः बसयोजनेच्या विरोधकांपैकी होते. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांनी मंडळ विभाजनमुक्त झाल्याचे घोषित केले आणि प्रवेशात वर्णाचा विचार करण्यास मनाई केली. सप्टेंबर २००१ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने विभाजनमुक्तीचा निर्णय बहुमताने कायम केला. मॅग्नेट योजनेबद्दल मंडळाला दोषी धरणारा भाग मात्र रद्द केला. एप्रिल २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला आणि १९७१ मध्ये सुरू झालेले पर्व संपले.

स्वान दांपत्याचे म्हणणे होते की मुलाची शाळा त्याच्या वर्णावरून ठरवू नये. कॅपाकिओनी यांचेही शब्दशः म्हणणे तेच होते. १९६४ मध्ये ही मागणी विभाजन मोडण्यासाठी होती; १९९७ मध्ये तिचा परिणाम विभाजन मोडणारी व्यवस्था संपण्यात झाला. तत्त्व एकच असले तरी ते कोणत्या सामाजिक स्थितीत उच्चारले जाते यावर त्याचे फलित अवलंबून असते.

सोडतीनंतरची स्थिती

२००२ च्या शैक्षणिक वर्षापासून नवी निवडयोजना लागू झाली. प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेची हमी मिळाली आणि अन्य शाळा हवी असल्यास पसंतीक्रम देऊन सोडतीत उतरण्याची मुभा राहिली. वस्त्या विभागलेल्याच असल्याने शाळाही पुन्हा वेगाने विभागल्या गेल्या.

या सोडतीचा एक अनपेक्षित उपयोग संशोधकांना झाला. जिंकलेली व हरलेली मुले यांत दैवाखेरीज फरक नसल्याने शाळेचा परिणाम शुद्ध स्वरूपात मोजता आला. डेव्हिड डेमिंग यांनी २०११ मध्ये दाखविले की, गुन्हेगारीकडे वळण्याचा धोका अधिक असलेल्या मुलांपैकी ज्यांना सोडतीत पसंतीची शाळा मिळाली, त्यांच्या हातून पुढे कमी गुन्हे घडले. २०१४ मध्ये डेमिंग व सहकाऱ्यांना आढळले की, दुर्बळ शाळांच्या परिसरातील ज्या विद्यार्थ्यांना पसंतीची शाळा मिळाली, त्यांच्यात महाविद्यालयीन पदवी मिळविण्याचे प्रमाण वाढले. याचा अर्थ असा की पालकांची चिंता काल्पनिक नव्हती. चिठ्ठीने खरोखरच आयुष्याची दिशा बदलत होती. राज चेट्टी व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात गरीब कुटुंबातील मुलांना वर जाण्याची संधी मिळण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या ५० मोठ्या नागरी विभागांत शार्लट शेवटच्या स्थानी होते. या निष्कर्षाने शहर अस्वस्थ झाले. २०१६ मध्ये मंडळाने मॅग्नेट सोडतीत परिसराच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा विचार करण्याचे ठरविले आणि २०१७–१८ पासून तो लागू झाला. वर्ण गेला, वर्ग आला. सोडत कायम राहिली.

अन्य शहरांचा अनुभव

शार्लटचा अनुभव एकाकी नाही. सिएटलमध्ये मागणी अधिक असलेल्या हायस्कुलांत वर्णाचा विचार करण्याला पालकांच्या संघटनेने आव्हान दिले आणि २८ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती पद्धत अवैध ठरविली. सॅन फ्रान्सिस्कोत लोवेल या गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या हायस्कुलात २०२० मध्ये महामारीच्या काळात सोडत आली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कायम करण्याचे ठरले. संतप्त पालकांचा विरोध, त्या निर्णयाच्या कार्यपद्धतीतील दोषावरून न्यायालयाने केलेली रद्दबातल कारवाई आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी परत बोलावणे या घटनाक्रमात सोडत हे एक महत्त्वाचे कारण होते. जून २०२२ मध्ये मंडळाने पूर्वीची पद्धत पुन्हा स्वीकारली. दोन्ही ठिकाणी वादाचे विषय भिन्न होते, परंतु मोजक्या प्रतिष्ठित जागा हा त्यांचा समान पाया होता.

निष्कर्ष

१. सोडत संधीचे वाटप न्याय्य करू शकते, पण संधी वाढवू शकत नाही. शार्लटमध्ये चांगल्या शाळांची संख्या वाढविण्याचा प्रश्न सोडतीच्या नियमांच्या वादात मागे पडला.

२. विशेष शाळा निर्माण करताना इतर शाळा ‘सामान्य’ ठरतात. सोडतीत हरलेल्या पालकाला आपले मूल मागे राहिल्याची जाणीव होते, ती या तुलनेतून.

३. सामाजिक हेतू नियमांच्या आड दडून राहिला आणि पालकांना केवळ निकाल कळविला गेला, की त्या हेतूचे समर्थक कमी होत जातात. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे आपल्या शाळांची बाजू घेणारे शहर १५ वर्षांत बदलले, यास हेही एक कारण होते.

४. वैयक्तिक गाऱ्हाण्याला न्यायालयात व्यापक रूप मिळते. एका जागेच्या मागणीतून संपूर्ण मंडळाची व्यवस्था उभी राहू शकते आणि तशीच ती मोडूही शकते.

स्वान आणि कॅपाकिओनी ही दोन्ही कुटुंबे आपल्या मुलासाठी उभी राहिली, यात गैर काहीच नव्हते. ज्या दोन मुलांसाठी हे दावे झाले त्यांना एकाच शाळेत, शेजारी-शेजारी बसविता येईल एवढ्या चांगल्या जागा शहराने निर्माण केल्या नाहीत, हे या इतिहासातील खरे अपयश होय.