पांढरा वेलगुलाब (रत्नागिरी परिसरातील लागवड)

पांढरा वेलगुलाब : रोझेसी कुलातील लांब, लवचीक फांद्यांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या गुलाबांना बागेत दिले जाणारे सर्वसाधारण नाव. रूढ अर्थाने ही वेल नव्हे. गोकर्णाप्रमाणे हा गुलाब आधाराला विळखे घालत नाही आणि पडवळासारखे ताणेही त्याला नसतात. खाली वळलेले काटे शेजारच्या फांदीत अडकवत तो वर सरकतो. मोकळ्या भिंतीवर किंवा कमानीवर त्याला माणसानेच बांधावे लागते. रोपवाटिकांत याला ‘क्लायंबर’ म्हणतात.

रत्नागिरीत हा गुलाब वाढवणे अवघड नाही. त्याला फुलवणे अवघड आहे. शहरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. थंडीतही रात्रीचे तापमान क्वचितच १५ अंश सेल्सिअसखाली उतरते. थंड देशांत हिवाळा गुलाबाला झोपवतो, पाने गाळतो आणि पुढच्या बहराची तयारी करून घेतो. कोकणात गुलाबाचा हालाखीचा ऋतू पावसाळा असतो आणि खरा बहर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येतो. पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांतील महिने इथे जसेच्या तसे लावले, तर हाती पाने आणि काटे यांखेरीज फारसे काही लागत नाही.

जातीची निवड म्हणूनच सर्वांत महत्त्वाची ठरते. वर्षातून एकदाच, तेही जुन्या फांद्यांवर फुलणाऱ्या जातींना थंडीचा हिसका लागतो. हिमालयातील रोझा ब्रुनोनाय आणि चीनमधील बिनकाट्यांची रोझा बँक्सी या अशाच दोन जाती पांढऱ्या आणि कमालीच्या जोमदार आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूम्बस्टोन गावी १८८५ मध्ये लावलेला पांढरा बँक्सी गुलाब जगातील सर्वांत मोठे गुलाबझाड म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच बुंध्यावर त्याचा प्रचंड मांडव पसरला आहे. पण तिथली हवा कोरडी आणि हिवाळा खरा. किनारपट्टीच्या कोकणात त्याची नक्कल करू पाहणाऱ्याला मांडव मिळेल, फुले अगदी थोडी मिळतील.

थंडीवाचूनही पुन्हापुन्हा फुलणाऱ्या जातींत ‘क्लायंबिंग आइसबर्ग’ सर्वांत सहज मिळते. मूळ ‘आइसबर्ग’ हे झुडूप जर्मनीतील कॉर्डेस यांनी १९५८ मध्ये आणले. त्याच्या एका फांदीत आपोआप बदल होऊन निघालेला चढता प्रकार इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये बाजारात आला. काटे थोडे, फुले घोसांत, बहर भरघोस. सुगंध मात्र बेताचा, आणि दमट हवेत पानांवर काळे ठिपके लवकर पडतात. सुगंध हवा असेल त्याने इंग्लंडमधील जोसेफ पेंबर्टन यांची १९१९ ची ‘प्रॉस्पेरिटी’ शोधावी. भारतीय गुलाबसंवर्धनाचे अग्रणी आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ हा पांढरा वेलगुलाब तयार केला. ‘लामार्क’ (१८३०) आणि ‘मादाम आल्फ्रेद कारिएर’ (१८७९) या जुन्या फ्रेंच जाती नॉइझेट गटातील आहेत. हा गट अमेरिकेच्या दमट, उबदार आग्नेय किनाऱ्यावर चार्ल्स्टन इथे उगम पावला, त्यामुळे उकाडा त्याला परका नाही. आपल्याकडे ही रोपे क्वचितच दिसतात.

‘आमचा पांढरा वेलगुलाब भिंतभर पसरलाय, पण फुलत नाही,’ अशी तक्रार ऐकली की आधी बुंधा पाहावा. डोळा भरलेल्या कलमात वरची जात मरून खालचा खुंट माजलेला असण्याची शक्यता मोठी. खुंटासाठी वापरली जाणारी रोझा मल्टिफ्लोरा स्वतःच जोमदार, चढती आणि लहान पांढऱ्या फुलांच्या घोसांची आहे. तिच्या पानाला बहुधा सात ते नऊ पर्णिका असतात आणि देठाच्या तळाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णे दिसतात. ही झालर हीच नेमकी खूण. अशा झाडाला कितीही खत घातले तरी विकत आणलेली जात परत येत नाही. कलमाच्या सांध्याखालून येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच मुळाशी ओढून काढावी. वरवर छाटली तर ती दुपटीने येते. खुंट म्हणून मात्र मल्टिफ्लोरा जांभ्याच्या आम्लधर्मी मातीला चांगली मानवते.

जांभ्याची माती पाण्याचा निचरा करते, हे अर्धसत्य आहे. माती निचरा करते, कातळ करत नाही. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, घरात कातळ फोडून दोन फुटांचा खड्डा घेतला आणि त्यात माती भरली, तर पहिल्याच जोरदार सरीनंतर त्याचे टाके होते आणि मुळे कुजतात. त्यापेक्षा चिऱ्यांचे एकदोन थर रचून उंच वाफा करावा आणि तळाला पाणी जायला वाट ठेवावी. शेणखत किंवा गांडूळखत सढळ हाताने, करंजाची पेंड बेताने. माती फारच आंबट असेल, सामू ५.५ च्या खाली असेल, तरच चुना द्यावा. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून केलेला चुना यासाठी सोयीचा असे. चुलीची राखही चालते, पण मूठभरच. गुलाबाला किंचित आम्ल माती आवडते, हे चुना टाकताना विसरू नये.

जागा घराच्या पूर्वेला असावी. सकाळचे ऊन पानांवरचे दव लवकर सुकवते आणि पश्चिमेचा खारा, पावसाळी वारा घर स्वतः अडवते. मात्र कौलांच्या पागोळीखाली रोप लावू नये. पागोळीच्या बाहेर हात-दोन हात सरकून लावावे आणि फांद्या भिंतीकडे आणाव्यात. तार भिंतीपासून वीतभर पुढे ताणावी. भिंतीला चिकटलेला गुलाब पावसाळाभर ओला राहतो, आणि पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला (डिप्लोकार्पॉन रोझी) रुजायला तेवढे पुरते. पडवळ-दोडक्याच्या मांडवाला बांबू आणि सुपारीच्या रिपा पुरतात, या गुलाबाला पुरत नाहीत. ओल्या फांद्यांचे वजन आणि जुलैचा वारा मिळून असा मांडव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झोपवतात. जस्ताचा मुलामा दिलेले नळ घ्यावेत. साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजून जाते. बांधायला सुंभ उत्तम, सैल आणि आठाच्या आकड्यात.

फुलांची किल्ली बांधण्यात आहे. उभी सोडलेली फांदी शेंड्याकडेच धावते, कारण शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. तीच फांदी आडवी किंवा कमानीसारखी वाकवून बांधली की हा दाब सैल होतो, डोळे फुटतात आणि प्रत्येक आखूड फुटीच्या टोकाला घोस येतो. दहा-बारा फुटांच्या फांदीवर असे वीसेक घोस मिळू शकतात; उभ्या फांदीला शेंड्यावर एकच मिळतो, तोही कौलांच्या वर, शेजाऱ्यांच्या दर्शनासाठी. फांदी कोवळी असतानाच वाकवावी, जून झाली की मोडते.

देशावर गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात होते. कोकणात परतीचा पाऊस पुरता ओसरू द्यावा. ओल्या हवेतील ताज्या जखमांतून फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. झुडूपगुलाबासारखे खरडून छाटू नये. आइसबर्गसारख्या चढत्या प्रकारांत पहिली दोन वर्षे तर मुख्य फांद्यांना हातही लावू नये. नंतर मेलेले, किडके लाकूड काढावे, बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात आणि अगदी जुनी एखादी फांदी बुडातून काढून नव्या फुटीला जागा द्यावी. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात.

रोगांबाबत कोकणातील आगरवाल्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असते : सुपारीच्या कोळेरोगासाठी तो मोरचूद आणि चुन्याचे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे वापरत आला आहे. गुलाबाची पाने मोरचुदातल्या ताम्राला नाजूक. त्यांना अर्ध्या टक्क्याचे, तेही पावसाची उघडीप पाहून फवारावे. गळलेली ठिपकेदार पाने वाफ्यात कुजू न देता गोळा करावीत, कारण पुढची लागण तिथूनच वर येते. वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे रात्री पाने-फुले कुरतडतात. बत्तीच्या उजेडात झाड हलवून खाली पडलेले वेचणे हा जुना आणि अजूनही खात्रीचा उपाय आहे. उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे येतात, आणि पांढऱ्या पाकळीवर फुलकिड्यांचे तपकिरी ओरखडे लपत नाहीत. माकडांना कळ्या आवडतात आणि काट्यांची त्यांना फारशी पर्वा नसते; यावर जाळीशिवाय इलाज नाही.

एप्रिल-मे मध्ये किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. गुलाबाला ते सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. अशा वेळी नळाचे पाणी थोडे का होईना, पण बुंध्याशी द्यावे आणि वाफा झावळांच्या तुकड्यांनी किंवा पाचोळ्याने झाकावा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचे छाट पावसाच्या सुरुवातीला आडोशाला लावले, तर बरेचसे मुळे धरतात. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या अशा रोपाला खुंट नसल्याने जात हरवण्याचा धोका उरत नाही. नुसता पांढरा, सुवासिक मांडव हवा असेल, तर जाई आणि कुंद वेलगुलाबाच्या निम्म्या श्रमात येतात.