काठावरची नर्मदा

महेश्वरी साडीच्या काठावरची लाट नर्मदेची आहे आणि अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून ती जशीच्या तशी विणली जाते, असं सर्रास सांगितलं जातं. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा पुराव्याला उतरत नाही. चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात होळकरांच्या राज्याचा कारभार पाहिला आणि नर्मदेच्या उत्तर तीरावरच्या महेश्वरात राजधानी आणली. तिथे त्यांनी बाहेरगावचे विणकर आणवून वसवले, असं परंपरा सांगते. मराठी दरबाराला आहेरासाठी पागोटी आणि नऊवारी लुगडी लागत. ही मागणी गावातच निर्माण झाली म्हणून माग चालले. म्हणजे या कापडाचा उगम नदीच्या सौंदर्याइतकाच दरबाराच्या व्यवहारात आहे. तरीही नदी त्यात आली, कारण विणकरासमोर होती ती नुसती वाहती नर्मदा नव्हती. पायऱ्या, बुरूज, दगडी भिंती आणि कोरीव पट्ट्या यांनी बांधलेला काठ त्याच्या रोजच्या नजरेत होता. चटई, वीट, हिरा, लहर ही महेश्वरी काठांची नावं पाहिली तर पाण्याच्या शेजारी माणसाने केलेलं काम उभं आहे, हे लक्षात येतं.

मात्र हे सगळं अठराव्या शतकात एकदाच ठरून गेलं असं मानायला अडचणी आहेत. ज्या अहिल्येश्वर मंदिराच्या कोरीवकामाकडे आज बोट दाखवलं जातं, ते अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ उभारलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात पूर्ण झालं. तिथली एखादी वेल वा पट्टी साडीवर आली असेल, तर ती त्यांच्या हयातीत येणं शक्यच नव्हतं. दुसरा पुरावा मागाचाच आहे. आजचे काठ डॉबीवर विणले जातात आणि हे यंत्रही एकोणिसाव्या शतकातलं. डॉबी ताण्याच्या धाग्यांचे मोजकेच गट ठरलेल्या क्रमाने उचलते. त्यामुळे तिरप्या रेषा, चौकोन आणि थोड्या अंतराने परतणारी नक्षी तिच्यावर सहज उतरते. मोठी वळणदार फुलं उतरत नाहीत. लाटेला कोन आले ते या मर्यादेतून.

इथे कोणी म्हणेल की, मग ती लाट नर्मदेची कशावरून? नागमोडी रेष तर राजस्थानच्या लहरियातही आहे आणि जगभरच्या विणकामात आहे. आक्षेप रास्त आहे. एकटी लहर घेतली तर ती कुठलीही असू शकते. पण लाट आणि वीट एकाच गावाच्या काठांमध्ये नांदतात आणि त्याच गावात पाणी भिंतीला लागून वाहतं, तेव्हा निवडीमागे जागा आहे असं म्हणणं अधिक सयुक्तिक ठरतं. मागाने आकारांची कक्षा ठरवली. त्यातलं काय ठेवायचं हे तिथे राहणाऱ्या माणसांनी ठरवलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नक्षी इतकी बदलत आली असेल, तर परंपरा उरली कुठे? याचं उत्तर या धंद्याच्या उतरणीत सापडतं. 1818च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली, दरबारी मागणी आटली, पुढे यंत्रावरच्या कापडाने उरलासुरला बाजार व्यापला. घाट तिथेच होता, नर्मदाही तिथेच होती, तरी माग थंडावले. 1970च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेवा’ संस्था उभी केली, स्त्रियांना मागावर बसवलं, नव्या गिऱ्हाइकांसाठी जुन्या काठांची पुन्हा मांडणी केली, तेव्हा नक्षीतही जीव आला. नुसत्या निसर्गदृश्याने कापड जगत नाही, हे या इतिहासाने दोनदा सिद्ध केलं आहे. म्हणून अहिल्याबाईंचं श्रेय मी एखाद्या नक्षीपुरतं मर्यादित करणार नाही. विणणाऱ्याला गावात राहून पोट भरता येईल अशी व्यवस्था, हा त्यांचा खरा वारसा आहे. महेश्वरीचं जतन करू म्हणणाऱ्यांनी काठ जुना आहे का हे विचारण्याआधी, तो विणणाऱ्याला पुरेशी मजुरी मिळते का, हे विचारायला हवं.